आधी गॅलॅक्टिका की आधी एक्स्पान्स?

परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, दिवाळीच्या सुट्टीत अंतराळातली एकच मालिका पूर्ण बघायची आहे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' घेऊ की 'द एक्स्पान्स'?" मी त्याला उलट विचारलं, "एकटा बघणार आहेस की सगळ्यांबरोबर?" माझ्या मते निवड इथेच ठरते. आमच्या शनिवारच्या मंडळींत या दोन मालिकांवरून कितीतरी रात्री जागवल्या गेल्यात. दोन्ही मी दोन-दोनदा पाहिल्यात आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

गॅलॅक्टिका (१९७८ सालची जुनी नव्हे, रोनाल्ड मूर यांनी नव्याने रचलेली) २००३ च्या डिसेंबरमध्ये दोन भागांच्या लघुमालिकेने सुरू झाली आणि २००९ मध्ये संपली. माणसाने घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव युद्धानंतर चाळीस वर्षांनी परत येतात आणि माणसांच्या बाराही वसाहती एका दिवसात बेचिराख करतात. गॅलॅक्टिका ही निवृत्त होऊन संग्रहालय बनायला निघालेली जुनी युद्धनौका वाचते, कारण तिचे संगणक एकमेकांना जोडलेलेच नाहीत आणि फोन अजून वायरचे आहेत. शिक्षणमंत्री लॉरा रॉस्लिन अधिकारक्रमात त्रेचाळिसावी, पण वरचे सगळे गेल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाची शपथ तिला घ्यावी लागते. लष्कर गॅलॅक्टिकाचा कमांडर ॲडामा याच्या हातात, नागरी सत्ता हिच्या हातात. मालिकेचा खरा झगडा या दोघांत आहे.

लघुमालिकेनंतरच्या पहिल्याच भागाचं नाव आहे '३३'. दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन येऊन थडकतात, दर वेळी वाचलेल्या जहाजांच्या साऱ्या ताफ्याला अंतराळात दूर उडी मारून निसटावं लागतं, आणि पाच दिवस कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. रॉस्लिनच्या मागे एक पांढरा फळा आहे आणि त्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा. सुरुवातीला तो ५०,२९८ असतो. कुणीतरी येतं, पुसतं, कमी आकडा लिहितं. भागाच्या शेवटच्या मिनिटात तो आणखी एकदा बदलतो, आणि त्या वेळी आमच्या खोलीत कुणी बोललं नाही. का बदलतो ते इथे सांगत नाही, तो क्षण तुमचा तुम्हीच घ्या. पुढे तर श्रेयनामावलीतच हा आकडा दिसू लागतो आणि दर भागाला आधी डोळे तिकडेच जातात.

त्याच श्रेयनामावलीत गायत्री मंत्र आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे नेऊन परत लावला. उच्चार थोडे वेगळे आहेत, पण "तत्सवितुर्वरेण्यं" स्पष्ट कळतं. मुंज झालेल्या कुणालाही तिथे दचकायला होईल.

एक्स्पान्स ही वेगळीच चीज आहे. जेम्स कोरी या टोपणनावाने दोन लेखकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून ती केली आहे. २०१५ ते २०२२ या काळात सहा सिझन आणि ६२ भाग झाले. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा असे तीन पक्ष. पट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेले, हाडं लांब आणि नाजूक. पहिल्याच भागात संयुक्त राष्ट्रांची मोठी अधिकारी क्रिसजेन अवसरला नातवाशी खेळून उठते, साडी सावरते आणि पट्ट्यातल्या एका माणसाची चौकशी करायला जाते. त्याला नुसतं टांगून ठेवलेलं आहे. मारहाण नाही की हत्यार नाही. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण हाच त्याचा छळ. शोहरे अगदाश्लू यांनी ही बाई अशी उभी केली आहे की आमच्या आईनेही दोन भाग उभ्याने पाहिले.

विज्ञानाच्या बाबतीत एक्स्पान्सला तोड नाही. जहाजाचे मजले इमारतीसारखे इंजिनावर रचलेले असतात. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मग जहाज उलटं फिरवून उरलेला अर्धा प्रवास वेग कमी करायचा. इंजिन चालू असेपर्यंत पायाखाली जमीन, बंद झालं की सगळं तरंगतं. पट्ट्यातल्या सेरेसवर एक चिमणीएवढा पक्षी पंख जेमतेम हलवत हवेत राहतो. दोन-चार सेकंदांचंच दृश्य, पण तिथलं जगणं केवढं वेगळं आहे ते समजतं. पट्ट्याची बोलीसुद्धा एका भाषातज्ज्ञाकडून घडवून घेतली आहे.

मात्र सुरुवात जड आहे. तीन ठिकाणी तीन कथानकं, नावांचा भडिमार. मंडळींबरोबर बघायला बसलो तेव्हा दर पाच मिनिटांनी कुणीतरी "हा कोण?" विचारायचं आणि थांबवून सांगावं लागायचं. चौथ्या भागापर्यंत दम धरा. तिथली जहाजांची लढाई पाहिल्यावर उठावंसं वाटणार नाही.

गॅलॅक्टिकात उलटं आहे. ती पहिल्या दहा मिनिटांत पकडते आणि पुढे कधीमधी सैल सोडते. तिसऱ्या सिझनच्या मध्यात काही भाग नुसते भरीचे आहेत. सायलॉनांकडे "योजना आहे" असं सुरुवातीला वारंवार बजावलं जातं, ती योजना शेवटी नीट उलगडत नाही. शेवटावर चाहत्यांत आजही दोन तट आहेत. मला शेवट भावनेने पटतो, तर्काने नाही.

एक्स्पान्सचा शेवटही पुरता मिटत नाही, कारण शेवटच्या तीन कादंबऱ्या पडद्यावर आल्याच नाहीत. पण २०१८ मध्ये पहिल्या वाहिनीने मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवर फलक लावलेलं विमान फिरवलं होतं, आणि त्याच महिन्यात जेफ बेझोस यांनी मालिका बचावल्याचं जाहीर केलं. त्या चाहत्यांमुळेच आपल्याला पुढचे तीन सिझन मिळाले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

घरात लहान मुलं असतील तर दोन्ही जपून. एक्स्पान्समध्ये शिव्या आहेत, विशेषतः अवसरलाच्या तोंडी. गॅलॅक्टिकात शिवीच्या जागी "फ्रॅक" हा बनवलेला शब्द आहे, पण दुसऱ्या सिझनमध्ये पेगासस ही दुसरी युद्धनौका येते तेव्हा लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे आणि तो फार अंगावर येतो.

भावाला मी सांगितलं ते असं. चार जण जमून बघणार असाल तर गॅलॅक्टिका, कारण प्रत्येक भागानंतर ॲडामा बरोबर की रॉस्लिन यावर भांडता येतं. एकट्याने, रात्री, हेडफोन लावून बघणार असशील तर एक्स्पान्स. तो म्हणाला, आम्ही पाच जण आहोत. मग गॅलॅक्टिकाच. फक्त पहिल्या सिझनपासून सुरू करू नकोस, बरेच जण तिथे चुकतात. आधी २००३ ची तीन तासांची लघुमालिका लाव.