पुण्यातला क्रिस्टल कुठे न्यायचा: घरचं यंत्र, इंदूर की ग्रनोबल?

प्रथिनाचा क्रिस्टल तयार झाला की आठवडाभर प्रयोगशाळेत पेढे असतात. मग प्रश्न येतो, डेटा कुठे घ्यायचा? म्हणजे, क्रिस्टलवर क्ष-किरण सोडून उमटणारे ठिपके कुठे टिपायचे? त्या ठिपक्यांवरूनच प्रथिनाची रचना काढतात. पाषाण, गणेशखिंड भागात काम करणाऱ्यापुढे साधारण तीन वाटा असतात. आपल्याच किंवा शेजारच्या संस्थेतलं क्ष-किरण यंत्र, इंदूरच्या आरआरकॅट या केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरची (रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) पीएक्स-बीएल२१ ही बीमलाइन, म्हणजे ते किरण नमुन्यापर्यंत आणणारी जागा, आणि फ्रान्समधलं ग्रनोबलचं ईएसआरएफ हे सिंक्रोट्रॉन, जिथे २०१७ पासून भारत सहयोगी देश आहे. हॅम्बुर्ग आणि त्रिएस्तच्या सिंक्रोट्रॉनचे दरवाजेही भारतीयांना उघडलेले आहेत, पण त्यांचा हिशेब बराचसा ग्रनोबलसारखाच, म्हणून इथे वेगळा मांडत नाही.

नवीन मुलं विचारायला येतात तेव्हा त्यांची तुलना किरणांच्या प्रखरतेवर सुरू होते आणि तिथेच संपते. प्रखरतेत ग्रनोबल जिंकणार, त्यात वादच नाही. मी त्यांना उलट विचारते, रात्री दोन वाजता काही बिघडलं तर तू काय करशील? कारण बिघडतंच. बीम सरकतो, लूपवर, म्हणजे क्रिस्टल धरणाऱ्या बारीक फासावर, बर्फ चढतं, ठिपके दिसतात पण इंडेक्सिंग (कोणता ठिपका कुठला ते ठरवणं) होत नाही. त्या वेळी यंत्राला हात लावता येतो का, शेजारी कोण आहे, आणि चुकीची किंमत एक रात्र आहे की सहा महिने, यावर माझं उत्तर ठरतं.

घरचं यंत्र

बहुतेक ठिकाणी तांब्याचा ॲनोड असतो, त्यावर इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात. तरंगलांबी १.५४१८ अँगस्ट्रॉम, ती बदलता येत नाही. एका अंशाच्या चित्राला मिनिटभर किंवा जास्त लागतं, म्हणजे पूर्ण डेटासेटला एक रात्र गेलीच. सिंक्रोट्रॉनवर हेच काम दोन-चार मिनिटांत होतं. हे ऐकून लोक घरच्या यंत्राला नाक मुरडतात. मुरडू नये.

याचे आजार ओळखीचे असतात. पुण्यात गुरुवार म्हटलं की लाइट जाणार, हे धरूनच चालायचं. यूपीएस क्ष-किरणांच्या जनरेटरला सांभाळतो, पण थंड पाणी फिरवणारा चिलर कित्येकदा यूपीएसवर नसतोच. चिलर थांबला की पाण्याचा प्रवाह तुटतो आणि इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप चालणारी कळ, हाय व्होल्टेज पाडतो. परत चालू करताना घाई नको. व्होल्टेज आणि करंट पायरीपायरीने चढवायचे, मध्ये व्हॅक्यूम बघत राहायचं.

दुसरा आजार पावसाळ्याचा. जुलैतली एक रात्र अजून आठवते. मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत पहिली वीस चित्रं स्वच्छ आली, मग हळूहळू वलयं उमटायला लागली: ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉम. हे तीन आकडे एकत्र दिसले की क्रिस्टलला दोष देऊ नका, ते बर्फ आहे. खोलीत शिरून पाहिलं तर लूपभोवती खडीसाखरेसारखा पांढरा थर, आणि थंड वायूच्या नळीच्या तोंडावर बर्फाची दाढी. डीह्युमिडिफायरची बादली भरून तो आपोआप बंद पडला होता, आणि कुणीतरी खोलीचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलं होतं. लूपवर द्रव नायट्रोजन ओतून बर्फ धुतलं, बादली रिकामी केली, खुर्ची बाहेर नेऊन ठेवली आणि दार लावलं. पहाटेपर्यंत डेटा मिळाला. हीच चूक परक्या ठिकाणी झाली असती तर?

घरच्या यंत्राच्या बाजूने आणखी एक गोष्ट अलीकडे घडली आहे. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण रचना काढायला त्यांची फेज (लहरीचा टप्पा) ही लागते. ज्याच्यासारखी रचना आधी माहीत नाही अशा प्रथिनासाठी ती मिळवायला पूर्वी बहुतेकदा तरंगलांबी बदलता येणारा स्रोत लागायचा. २०२१ मध्ये अल्फाफोल्ड-२, म्हणजे प्रथिनाच्या क्रमावरून रचनेचा अंदाज देणारा प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला झाला आणि आता कित्येक प्रथिनांना त्याच्या मॉडेलवरूनच मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (तयार मॉडेल बसवून फेज काढणं) लागू पडतं. क्रिस्टल बऱ्यापैकी मोठा असेल, २.३-२.५ अँगस्ट्रॉमपर्यंत (आकडा लहान तितका तपशील बारीक) ठिपके येत असतील आणि प्रश्न फक्त घडी कशी आहे एवढाच असेल, तर घराबाहेर पडायची गरज नाही. पण हे सांगितलं की समोरचा हिरमुसतो. सिंक्रोट्रॉनवर जाऊन आल्याशिवाय पीएचडी झाल्यासारखं वाटत नाही ना!

इंदूर

आरआरकॅट पुण्याहून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. नगर, मनमाड, धुळे, मग सेंधव्याआधीचा बिजासन घाट. ड्राय शिपर, म्हणजे गोठवलेले क्रिस्टल नेण्याचा थंड डबा, मागच्या सीटवर उभा ठेवून पट्ट्याने बांधायचा. आतला सच्छिद्र थर नायट्रोजन शोषून धरतो, त्यामुळे सांडत नाही, पण आडवा पडला की लवकर उडतो. प्रवेशाची कागदपत्रं आधी पूर्ण करा, गेटवर पोचून फोन फिरवण्यात अर्धी सकाळ जाते. अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज विसरू नका.

इंडस-२ ही १७२.५ मीटर परिघाची, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची रिंग. बूस्टर या आधीच्या छोट्या रिंगमधून इलेक्ट्रॉन आत येतात ते ५५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला, आणि पुढची ऊर्जा रिंगमध्येच चढवली जाते. म्हणून चालू शिफ्टमध्ये थोडे थोडे इलेक्ट्रॉन भरत राहता येत नाहीत, करंट हळूहळू उतरत जातो आणि मग नव्याने भरावं लागतं. वापरणाऱ्यासाठी याचे दोन अर्थ. संध्याकाळचं एक सेकंदाचं एक्स्पोजर सकाळच्या एक सेकंदाइतकं नसतं, त्यामुळे सेकंद न मोजता फोटॉन मोजा. आणि नव्याने भरल्यावर मोनोक्रोमेटर (हवी ती तरंगलांबी निवडणारा भाग) परत तापून स्थिर व्हायला वेळ घेतो. तोपर्यंत बीमची तीव्रता मोजणाऱ्या आयन चेंबरचा आकडा हलत राहतो. घाईत त्याच वेळी घेतलेला डेटासेट स्केलिंगला (सगळी चित्रं एका मापावर आणायला) त्रास देतो आणि चूक नक्की कुठे आहे ते महिनाभर कळत नाही. चहा घेऊन या.

पीएक्स-बीएल२१ भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. वाकवणाऱ्या चुंबकावरची आहे, ५ ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढा पल्ला. फेज मिळवायला प्रथिनात सेलेनियम घालतात. त्याची कड, म्हणजे जिथे ते किरण एकदम जास्त शोषू लागतं ती ऊर्जा, १२.६६ ला येते, म्हणजे पल्ल्यात आहे, पण या चुंबकांची क्रांतिक ऊर्जा (जिच्यापलीकडे किरण घटत जातात) सहाच्या जरा वर असल्याने तिथे फोटॉन कमी होत जातात. मोठा, नीट वाढलेला सेलेनोमेथिओनिनचा (सेलेनियम घातलेल्या प्रथिनाचा) क्रिस्टल असेल तर जमतं. वीस मायक्रॉनची सुई असेल तर उगाच गाडी काढू नका. एक सूचना मात्र कळकळीची: कडेची ऊर्जा मागच्या गटाच्या वहीतून उतरवून घेऊ नका. मोनोक्रोमेटर काही इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकला तरी शिखर हातचं जातं. आपल्याच क्रिस्टलवर फ्लुओरेसन्स स्कॅन घ्या, म्हणजे ऊर्जा बदलत कड कुठे आहे ते पाहा.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा बीमलाइनवर जाणाऱ्याने इंदूर निवडावं असं मी म्हणते ते मुख्यतः यासाठी, की तिथे आपण स्वतः उभे असतो. हचमध्ये, म्हणजे बीमच्या बंद खोलीत, शिरतो, सर्च बटण दाबत फेरी मारतो, दार लावतो, शटर उघडतो. ठिपके का नाहीत ते शोधताना बीमलाइनचा माणूस बाजूलाच असतो आणि हिंदीत विचारता येतं. एका शिफ्टमध्ये जे शिकायला मिळतं ते दहा रिमोट (दुरून संगणकावर चालवलेल्या) सत्रांत मिळत नाही.

शिकायचं काय, तर क्रम. आधी लायसोझाइम लावायचा, कोंबडीच्या अंड्यातला, स्वस्त आणि खात्रीचा. त्याचा डेटा नीट आला तर यंत्र ठीक, दोष आपल्या क्रिस्टलमध्ये. त्याच्या युनिट सेलचे (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीचे) आकडे पाठ असावेत: चौकोनी रूपात साधारण ७९, ७९ आणि ३८ अँगस्ट्रॉम. गोठवल्यामुळे एखाद्या टक्क्याचा फरक पडतो, तो सोडून द्या. पण ७९ च्या जागी ८१ आले तर डिटेक्टरचं अंतर किंवा तरंगलांबी चुकीची नोंदली गेली आहे. दोघांपैकी कोण? डिटेक्टर २०० मिलिमीटरवर ठेवून एक चित्र घ्या, ४०० वर दुसरं. चूक अंतराची असेल, समजा पाच मिलिमीटरची, तर दूर गेल्यावर तिची टक्केवारी निम्मी होते. दोन्हीकडे टक्के तेवढेच राहिले तर तरंगलांबीकडे बघा.

ठिपके सुंदर, तरी इंडेक्सिंग नाही, किंवा होतं पण पुढे सगळं गाडं अडतं, हा दुसरा नेहमीचा प्रसंग. बीम सेंटर, म्हणजे बीम डिटेक्टरवर जिथे पडतो तो बिंदू, तपासा. समजा सेलची एक बाजू १५० अँगस्ट्रॉम आहे, तरंगलांबी एक आणि अंतर २०० मिलिमीटर. मग शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम १.३ मिलिमीटर जागा राहते. सेंटर त्याच्या निम्म्याहून जास्त चुकलं की प्रोग्रॅम प्रत्येक ठिपक्याला शेजाऱ्याचं नाव देतो आणि बिनधास्त पुढे जातो. अशा वेळी मगाशी ज्यांना शिव्या दिल्या ती बर्फाची वलयं कामी येतात: त्यांना वर्तुळ बसवा, केंद्र मिळेल.

ग्रनोबल

६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ८४४ मीटरचा परिघ. रिंग नव्याने बांधून ऑगस्ट २०२० मध्ये परत खुली केली आणि बीम आणखी बारीक झाला. आयडी२३-२ वर मायक्रॉनांत मोजायचे क्रिस्टल चालतात. आयडी३०ए-१ वर तर माणूस लागतच नाही, रोबो उचलतो, क्रिस्टल शोधतो, मोजतो, पुढचा घेतो. शंभर वेगवेगळ्या लिगँडमध्ये (प्रथिनाला चिकटणाऱ्या लहान रेणूंमध्ये) भिजवलेले शंभर क्रिस्टल असतील तर दुसरा विचार करू नका.

पण इथे बहुतेकदा क्रिस्टल विमानाने पाठवून बीमलाइन पुण्यातून संगणकावर चालवायची असते, म्हणून बिघाड पुण्यातच सुरू होतो. शिपर भरल्यावर वजन करा, २४ तासांनी परत करा. प्रयोगशाळेत मोठा काटा नसेल तर रद्दीवाल्याचा टांगता काटाही चालतो, मी वापरला आहे. रोज दोनशे-तीनशे ग्रॅम उतरणं ठीक. एका दिवसात किलोभर उतरलं तर भिंतीतलं व्हॅक्यूम गेलंय, तो शिपर पाठवू नका. मुंबई विमानतळावर कागद अडकले तर हाच फरक तुमचे क्रिस्टल वाचवतो किंवा घालवतो. बिलावर साध्या शब्दांत लिहा: गोठवलेले प्रथिनांचे क्रिस्टल, संसर्गजन्य नाहीत, विक्रीसाठी नाहीत, शिपरमध्ये मोकळा द्रव नाही.

मग पक, म्हणजे लूप ठेवायची गोल डबी, भरणं. युनिपकमध्ये १६ जागा असतात, आत पाच, बाहेर अकरा. पाठीकडून पाहिलं की आकडे उलट दिशेने फिरतात. एकदा परदेशी पाठवायचा पक मी असाच उलट भरला. रात्री रोबोने तिसरा नमुना लावला, पडद्यावर लूपचा फोटो आला, आणि माझ्या वहीत सुई लिहिलेली असताना समोर चपटी पाटी. तो फोटो पाहिला नसता तर लिगँड असलेला आणि नसलेला अशी अदलाबदल होऊन सगळं घोळात गेलं असतं. तेव्हापासून गोठवताना प्रत्येक लूपचा मोबाइलवर फोटो काढते.

उन्हाळ्यात तिथे रात्रीचे अकरा म्हणजे इथे पहाटेचे अडीच. त्या वेळी तुमच्या हातात फक्त माउस असतो. बर्फ दिसलं तर धुवायला जाता येत नाही, नळी सरकली असेल तर दिसत नाही. स्थानिक शास्त्रज्ञाला फोन करता येतो, आणि ते मदतही करतात, पण नेमकं काय विचारायचं हे ज्याला कळतं त्यालाच. म्हणून इंदूर आधी, ग्रनोबल नंतर.

आणि प्रखरतेचीही किंमत आहे. १०० केल्व्हिनला क्रिस्टलने साधारण ३० मेगाग्रेपर्यंतच (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप) किरण सोसावेत असं मानतात. घरच्या यंत्रावर ती मर्यादा गाठायला जन्म जाईल, इथे बीम कमी न करता बसलात तर काही सेकंदांतही गाठता येते. आधी डायसल्फाइड (सल्फर-सल्फर) बंध तुटतात, इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात सल्फरची घनता विरळ होते. चित्र क्रमांक वाढेल तसा चित्रांचा आधीच्या चित्रांशी मिळताजुळतेपणा ढासळत गेला तर हेच समजा. बीम दहा टक्क्यांवर आणून सुरुवात करा.

मग तुमच्या देवारमध्ये (द्रव नायट्रोजनच्या थर्मासमध्ये) आज सहा लूप असतील तर? मी दोन घरी मोजीन, ठिपके कुठवर येतात ते पाहायला. २.५ च्या आत आले आणि मॉडेल हाताशी असेल तर तिसऱ्यावर पूर्ण डेटा घेऊन मोकळी होईन. ३.५ लाच थांबले पण क्रिस्टल शंभर मायक्रॉनच्या वर असतील, किंवा सेलेनियमवाचून इलाज नसेल, तर इंदूरचा अर्ज. क्रिस्टल बारीक असतील आणि गोठवण्याची रेसिपी घरच्या यंत्रावर पक्की झालेली असेल, तरच चार लूप ग्रनोबलच्या पकात, पाचव्या जागी लायसोझाइम.