सॅप व्हॅल्यू बरोबर आली, तेल मात्र जोजोबा नव्हतं

लिप बामची एक डबी परत आली, सोबत चिठ्ठी: 'खवट वास येतोय.' उघडून पाहिली, तर खरंच येत होता. पहिला संशय घेतला मेणावर, मग सुगंधावर. त्यातल्या जोजोबा तेलावर घेतलाच नाही. एक तर ते सहजासहजी खवट होत नाही, आणि दुसरं म्हणजे माल घेण्याआधी मी स्वतः तपासला होता. रसायनशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे, हे आधीच कबूल करते.

जोजोबाला आपण तेल म्हणतो, पण ते मुळात द्रवरूप मेण. सूर्यफूल, सोयाबीन, तीळ यांच्या तेलात एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं चिकटलेली असतात. जोजोबात ग्लिसरॉलची भानगडच नाही. एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल, दोन्ही बहुतेक २० किंवा २२ कार्बनची, एकमेकांना जोडलेली. म्हणून १ ग्रॅम जोजोबाचा साबण व्हायला साधारण ९२ मिलिग्रॅमच कॉस्टिक पोटॅश लागतं, तर सूर्यफुलाला १९० च्या आसपास. हीच सॅप व्हॅल्यू. मला वाटलं, भेसळ पकडायला याहून सोपी खूण कुठली?

वाटलं ते वाटलं, वर विक्रेत्याला फोनवर ऐटीत सांगितलंही, "सॅप व्हॅल्यू काढून बघेन, मगच पैसे."

"ताई, बिनधास्त काढा," तो म्हणाला. नमुना मात्र आठ दिवसांनी पाठवला.

बोलण्याच्या ओघात त्याने जोजोबा मूळचा चीनचा असंही सांगितलं होतं. शास्त्रीय नावात 'चायनेन्सिस' आहे खरं, पण ती नाव ठेवतानाची चूक. झुडूप सोनोराच्या वाळवंटातलं. मी मनातल्या मनात हसले आणि सोडून दिलं.

नमुना अल्कोहोलमधल्या पोटॅशबरोबर तासभर उकळला. उरलेला अल्कली आम्लाने मोजला, एका थेंबाला गुलाबी रंग गेला. उत्तर ९४. हेक्झेन या द्रावकाने धुऊन पाहिलं, तर जवळजवळ निम्मा भाग साबण न होता उरलेला. तेही जोजोबाला शोभणारंच, त्यातली अल्कोहोलं साबण होत नाहीत. मी ऑर्डर देऊन टाकली.

डबी परत आल्यावर दोन बाटल्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या, एक या मालाची आणि एक जुन्या पुरवठादाराच्या तेलाची. जोजोबा ७ अंशांच्या आसपास गोठतं. सकाळी जुनं तेल तुपासारखं थिजलेलं, बाटली उलटी केली तरी हलेना. नवीन बाटली नुसती आडवी केली, तर तेल सुर्रकन झाकणापर्यंत आलं. मी फ्रिजचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले.

मग नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवला; त्यात तेलातले घटक वेगळे होऊन आलेखावर सुळक्यांसारखे दिसतात. जोजोबाच्या मेदाम्लांत निम्म्याहून जास्त असतं ते २० कार्बनचं इकोसेनोइक आम्ल नावालाही नाही. लिनोलेइक आम्ल, जे जोजोबात जवळपास नसतंच, त्याचा मात्र उंच सुळका. ते सूर्यफुलाचं. आणि पायाशी एक पसरट टेकाड: खनिज तेल.

गणित तिथेच उलगडलं. खनिज तेलाची सॅप व्हॅल्यू शून्य. १९० आणि ० समसमान मिसळा, ९५ येते. साबण न होणारा निम्मा भागही आपोआप जुळतो. बामला खवटपणा आला तो सूर्यफुलाच्या अर्ध्या वाट्यामुळे.

आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेल किती असंतृप्त आहे याचं माप, काढली असती तरी चोरी उघडी पडली असती. जोजोबाची ८० ते ८५ असते, या मिश्रणाची ६५ च्या आसपास भरली असती. सर्टिफिकेटवर ८२ छापलं होतं आणि मी ते मानून घेतलं, कारण ती चाचणी कटकटीची. सिलिकाच्या पट्टीवर एक थेंब चढवला असता तरी चाललं असतं. मेणाचे एस्टर वर पळतात, साधं तेल मागे रेंगाळतं; आयोडीनच्या वाफेत मधोमध सूर्यफुलाचा तपकिरी डाग उठला असता. आणि फ्रिजला तर काहीच लागत नाही. तुम्ही घेत असाल तर कुठलीही चाचणी करा, फक्त ती कोणती हे विकणाऱ्याला आधी सांगू नका. आणि नमुना पास झाला तरी आलेला माल पुन्हा तपासा.

रिपोर्ट विक्रेत्याला पाठवला. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "पण ताई, तुमच्याच टेस्टमध्ये पास झालं होतं ना?"