टीडीएसच्या परताव्याचा फुगवलेला अंदाज आणि माझे गेलेले पैसे

सांगली-मिरज भागात मी गेली काही वर्षे गिलाव्याची कामे मजुरीवर घेतो. मुख्य ठेकेदार रनिंग बिलाचे (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने होणाऱ्या बिलाचे) पैसे देताना त्या वेळच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी प्रमाणे १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापून घेत, आणि ते पैसे परत मिळतात एवढेच आम्हा मुकादमांना ऐकून माहीत असते. याच अर्धवट माहितीपायी आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र भरताना मी फसलो.

विश्रामबागेत बसणाऱ्या, स्वतःला करसल्लागार म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने माझी बिले चाळून दोन मिनिटांत ५४,००० रुपयांचा परतावा काढून दाखवला. वर्षाची बिले १८,६०,००० रुपयांची, त्यावर २ टक्के टीडीएस म्हणजे ३७,२००, आणि मजुरी, परांचीचे भाडे व टेम्पोचे डिझेल या खर्चापोटी आणखी १६,८००, असा त्याचा हिशेब होता. या अंदाजाच्या २० टक्के, म्हणजे १०,८०० रुपये फी आणि वर ५०० रुपये 'पोर्टलचे शुल्क' त्याने आगाऊ रोख घेतले. आयकर विभागाच्या पोर्टलवर विवरणपत्र भरायला एक रुपयाही लागत नाही, हे मला फार उशिरा कळले. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल त्याने स्वतःचे घातले आणि पडताळणीसाठी आधारचा ओटीपी मी त्याला फोनवरून सांगितला. ही चूक मात्र सर्वस्वी माझी.

ऑक्टोबरात खात्यावर १६,२०० रुपये आणि त्यावरचे थोडे व्याज जमा झाले. उरलेले मागून येतील, असे तो सांगत राहिला. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीने पासवर्ड बदलून पोर्टल उघडले, तेव्हा कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्र तपासून विभाग पाठवतो ती सूचना दिसली: विवरणपत्रात टीडीएस ५४,००० दाखवला होता, आणि फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा कराच्या सरकारी नोंदीत, १६,२०० च होता. तोवर सुधारित विवरणपत्राची मुदत उलटली होती, आणि पडताळणी माझ्या नावाने झाल्यामुळे खोट्या आकड्याचे उत्तरदायित्वही माझेच ठरत होते.

मग ओळखीच्या सीएंनी जे समजावले, ते आधी कोणी सांगितले असते तर मी त्या गाळ्याची पायरी चढलो नसतो. २ टक्के दर कंपनी किंवा भागीदारी संस्थेला लागतो. व्यक्तीला १ टक्काच, त्यामुळे माझा टीडीएस फार तर १८,६०० होता. त्याच कायद्याच्या कलम ४४एडी खाली छोट्या व्यावसायिकाच्या बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरत, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवावा लागे. माझा नफा चार लाखांच्या आसपास होता, आणि नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य येत होता. कर शून्य म्हटल्यावर कापलेला सगळा टीडीएस परत येतो, पण थोडे व्याज सोडले तर त्याहून अधिक काही येत नाही. डिझेलची कितीही बिले जोडली तरी जे भरलेच नाही ते सरकार परत कसे देणार? हा साधा प्रश्न मला त्या दिवशी सुचला नाही, कारण ५४,००० चा आकडा ऐकून मी खुशीत होतो.

१८,६०० आणि १६,२०० यांतील २,४०० रुपयांचा घोळ वेगळाच निघाला. विट्याच्या एका ठेकेदाराने २,४०,००० रुपयांच्या बिलातून टीडीएस कापला, पण माझ्या पॅनवर दाखवलाच नाही. त्याच्याकडून दर तिमाहीला फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा दाखला, मागून घेतला असता, तर हे पहिल्याच बिलानंतर उघड झाले असते. आता त्याने दुरुस्तीचे विवरण भरले, तरच मला कलम १५४ खाली चूकदुरुस्तीचा अर्ज करता येईल. दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जायचे आहे.

त्या सल्लागाराकडे पैसे मागायला गेलो, तेव्हा 'अंदाज म्हणजे अंदाज, हमी नव्हे' असे उत्तर मिळाले. पावती मी घेतलेली नव्हती. व्याज सोडले तर १६,२०० पैकी माझ्या हाती ४,९०० रुपये राहिले.