बेल चार्जिंगला लावली आहे, दार वाजवा

सासूबाईंचे गुडघे दुखतात. दर वेळी उठून दाराशी जायला नको म्हणून मार्चमध्ये बिनवायरची व्हिडिओ बेल घेतली. खोक्यावर लिहिलेलं, एका चार्जिंगमध्ये 6 महिने. आमच्याकडे 19 व्या दिवशी मान टाकली.

आधी कंपनीला शिव्या घातल्या, मग ॲप उघडलं. आमचं घर कासारवडवलीत, सातव्या मजल्यावर, दार नेमकं लिफ्टसमोर. एका दिवसात 140 नोंदी! दूधवाला, कचरावाली, पॅसेजमध्ये क्रिकेट खेळणारी शेजारची पोरं. कुणीही हललं की बेल झोपेतून उठणार, कॅमेरा चालू करणार, वायफायवरून क्लिप पाठवणार. बॅटरी यातच जाते, नुसतं भिंतीवर बसायला तिला फारसं काही लागत नाही. 6 महिन्यांचा हिशेब बहुतेक बंगलेवाल्यांसाठी असावा.

मग हालचाल टिपायची हद्द लिफ्ट वगळून पायपुसण्यापुरती आखली, क्लिप 30 वरून 10 सेकंदांवर आणली. राउटर आतल्या खोलीतून हॉलमध्ये हलवला, कारण रेंज कमी असली की बॅटरी जास्त खाते. आता अडीच महिने निघतात.

कायमची वायर जोडून टाकू म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो जुन्या बेलचीच वायर जोडायला निघाला होता. नशीब, मी माहितीपत्रक वाचत उभी होते! आपल्याकडे बेलच्या बटणात थेट 230 व्होल्ट असतात, हिला जास्तीत जास्त 24 चालतात, तेही वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवून. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

अजून एक. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की बेलची बॅटरी फुल्ल असूनही घरात काही वाजत नाही, कारण राउटर बंद आणि आवाज करणारा डबाही प्लगवरचा. राउटरला छोटा यूपीएस घेतला, डब्याचं रडगाणं चालूच आहे. जुनी बेलही थेट विजेवरची, त्यामुळे तीही तेव्हा मुकीच.

चित्र मात्र झकास. सासूबाई आता सोफ्यावरूनच फोनमध्ये बघून कुरिअरवाल्याला 'ठेव रे बाबा तिथेच' सांगतात.

चार्जिंगला 5-6 तास लागतात. बेल भिंतीवरून काढायची पिन फ्रिजवर चुंबकाला चिकटवून ठेवली आहे, तरी दर वेळी काढायचा कंटाळा येतो. मागच्या वेळी दारावरच पॉवर बँक लावली, कापडी पिशवीत घालून कडीला अडकवली. सकाळी पाहते तर पिशवीत पॉवर बँकेवर दुधाच्या दोन पिशव्या.