विरामचिन्हे काढण्यासाठी रेगेक्स की ट्रान्सलेट?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मजकुरातील विरामचिन्हे काढताना रेगेक्स (नमुना देऊन मजकूर शोधण्या-बदलण्याचे तंत्र) वापरावे की ट्रान्सलेट (तक्त्यानुसार अक्षरे बदलणारी पद्धत), असा पेच अनेकांना पडतो. वेगाचा निकाल सरळ आहे: ट्रान्सलेट एकेक अक्षर तक्त्यात पाहून बदलते, त्यामुळे मोठ्या इंग्रजी मजकुरावर ते बहुधा जलद ठरते.

खरा फरक अचूकतेत आहे. रेगेक्समध्ये ‘शब्दातील अक्षरे आणि मोकळी जागा सोडून बाकी सर्व काढा’ हा लोकप्रिय नमुना इंग्रजी मजकुरावर बरा चालतो (अधोरेखा ‘_’ तेवढी मागे राहते), परंतु पायथनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलमध्ये (तयार कोडच्या संचात) मात्रा शब्दातील अक्षरांत गणल्या जात नसल्याने ‘किती?’ या शब्दाचे ‘कत’ होते, आणि कोणतीही त्रुटी न दाखवता सगळा मजकूर नासतो. ट्रान्सलेट मात्रांना हात लावत नाही. मात्र पायथनच्या विरामचिन्हांच्या तयार यादीत आस्की या मूळ इंग्रजी अक्षर-चिन्हांच्या संचातील 32 चिन्हेच असल्याने दंड (।) आणि वळणदार अवतरणचिन्हे जशीच्या तशी राहतात, ती तक्त्यात स्वतः भरावी लागतात.

वेगळे बसवावे लागणारे ‘रेगेक्स’ नावाचेच मॉड्यूल युनिकोडचा (सर्व लिपींच्या अक्षरांसाठीच्या मानकाचा) विरामचिन्ह-वर्ग ओळखते, म्हणून दंडही निघतो. पण अधिक (+) आणि बरोबर (=) ही चिन्हे त्या वर्गात येत नाहीत. दशांशचिन्हाबाबत रेगेक्स आणि ट्रान्सलेट दोन्ही सारखेच बेफिकीर: 3.14 चे 314 होते.

काढायची चिन्हे ठरलेली असतील आणि इंग्रजी मजकूर प्रचंड असेल, तर ट्रान्सलेट घ्यावे. अंकांमधील बिंदू राखण्यासारख्या अटी असतील, तर रेगेक्सला पर्याय नाही. देवनागरीसाठी मात्र वेगळ्या ‘रेगेक्स’ मॉड्यूलमधील विरामचिन्ह-वर्गच वापरावा.