पीएचपीचं सीटाइप अलनम : नऊ महिने वापरल्यावर

कुपन कोडच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे यावेत, बाकी काही नको. एवढ्याशा कामासाठी नऊ महिन्यांपूर्वी मी जुना रेजेक्स (मजकूर कुठल्या नमुन्यात बसतो हे तपासणारं सूत्र) काढून तिथे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचं तयार सीटाइप अलनम (ctype_alnum) हे फंक्शन बसवलं. एका ओळीचा बदल. त्यावर कधी एवढं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आधी जुन्या रेजेक्सबद्दल, कारण तो लिहिणारा मीच. दोन वेगळ्या रेंज लिहायचा कंटाळा केला आणि कॅपिटल ए पासून स्मॉल झेडपर्यंत एकच रेंज टाकली. आस्कीत, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, कॅपिटल झेड ९० वर आणि स्मॉल ए ९७ वर. मधली सहा चिन्हं, म्हणजे चौकटी कंस, बॅकस्लॅश, कॅरेट, अंडरस्कोअर आणि बॅकटिक, आरामात आत येत होती. शिवाय 'मजकूर इथे संपतो' असं सांगणारं शेवटचं डॉलर चिन्ह मजकुरामागे लोंबकळणारी एक न्यूलाइन (नव्या ओळीची खूण) चालवून घेतं, कॅपिटल डी मॉडिफायर (रेजेक्सचं वागणं बदलणारं अक्षर) लावला नाही तर. सीटाइप अलनमला या दोन्ही भानगडी नाहीत. प्रत्येक बाइट अक्षर किंवा आकडा असेल तर ट्रू, एकही वेगळा निघाला तर फॉल्स. रिकामी स्ट्रिंगही (स्ट्रिंग म्हणजे मजकूर) फॉल्स, त्यामुळे रकाना ऐच्छिक असेल तर ते आधी आपणच तपासायचं.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. मग कुपन एकगठ्ठा अपलोड करायची सोय केली आणि ४५ नावाचा कोड अडकला. नुसता ४५. त्याच फाइलमधला ५० पास, ३०० पास, ६० मात्र नापास. मी फाइल तीनदा उघडून पाहिली, आकड्यांमागे न दिसणारं काही चिकटलंय का म्हणून बाइट मोजले. काहीच नव्हतं.

दोष फाइलचा नव्हताच. डुप्लिकेट टाळायला मी कोड अ‍ॅरेच्या की (यादीतल्या नोंदीची ओळखखूण) म्हणून ठेवत होतो, आणि निव्वळ आकड्यांची की पीएचपी परस्पर इंटिजर, म्हणजे पूर्णांक, करून टाकतं. सीटाइप अलनमला इंटिजर मिळाला आणि तो -१२८ ते २५५ च्या आतला असला, की ते त्याला आकडा समजत नाही, एका कॅरेक्टरचा आस्की क्रमांक समजतं. ४५ म्हणजे हायफन, नापास. ६० म्हणजे लेस दॅनचं चिन्ह, तेही नापास. ५० म्हणजे '२' हे कॅरेक्टर, म्हणून पास. ३०० त्या पट्ट्याबाहेर, तेव्हा त्याचे सरळ अंक पाहिले गेले. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. एका ओळीच्या फंक्शनचं मॅन्युअल कोण उघडतं?

पीएचपी ८.१ पासून स्ट्रिंग सोडून दुसरं काही दिलं तर डेप्रिकेटेडची, म्हणजे 'हा वापर आता सोडा' अशी, सूचना येते. आमच्याकडेही येत असणार. पण लॉग फार भरतो म्हणून त्या सूचना बंद करून ठेवल्या होत्या, हेही माझंच कर्तृत्व. आता कॉलच्या आधी इज स्ट्रिंगची (हा मजकूरच आहे ना याची) तपासणी असते आणि की वापरायची तर ती आधी स्ट्रिंग करून घेतो. तेव्हापासून या बाजूने शांतता आहे.

खरा वैताग दिला तो नावाच्या रकान्याने. टीममधल्या एकाने हेच फंक्शन तिथेही चिकटवलं आणि देवनागरीतलं प्रत्येक नाव परत जाऊ लागलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि हे फंक्शन बाइटपलीकडे पाहत नाही. म्हणून प्रेग मॅचला (पीएचपीत रेजेक्स चालवणारं फंक्शन) युनिकोड समजून घेणारा यू मॉडिफायर लावून युनिकोडचे 'लेटर' आणि 'नंबर' हे वर्ग वापरले. 'कमल' पास झाली, 'किरण' नापास! वेलांटी युनिकोडच्या हिशेबी अक्षर नाही, ती 'मार्क' वर्गात. हलन्तही तिथेच. तो वर्ग जोडला, तर 'कुऱ्हाडे' आले. हा अर्धा र कुणी नुक्तावाल्या ऱ ने टाइप करतं, तर कुणाचा कीबोर्ड साध्या र ला हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) जोडतो. पडद्यावर दोन्ही आडनावं हुबेहूब सारखी. पहिलं पास, दुसरं नापास, कारण जॉइनर 'फॉरमॅट' वर्गात मोडतो. त्या दिवशी मी नावाच्या रकान्यावरची अक्षरतपासणी काढूनच टाकली. लांबी बघायची, कंट्रोल कॅरेक्टर अडवायचे आणि पानावर छापताना एचटीएमएल एस्केप करायचं. माणसाच्या नावात काय असावं हे ठरवणारे आपण कोण?

जाता जाता, यू मॉडिफायर लावला की पीएचपीत बॅकस्लॅश डी (रेजेक्समधली 'कुठलाही आकडा' ही खूण) देवनागरी आकडेही आकडे म्हणून स्वीकारतो. संख्येच्या रकान्यात कुणी '१२' लिहिलं, ते तपासणीतून सुटलं आणि इंटिजरमध्ये बदलताना त्याचं शून्य झालं.

तपासणीतून पास झालेला कोड पुढे कसा वापरता, तेही महत्त्वाचं. इंग्रजी आकड्यांत एक, मग स्मॉल ई, मग तीन असा कोड अलनमच्या दृष्टीने अगदी सज्जन. पण दोनदा बरोबरचं चिन्ह लावून त्याची हजाराशी तुलना केली की पीएचपी दोन्ही संख्या धरतं आणि सारखेच म्हणतं. कुपन जुळवताना तीनदा बरोबर (जे मजकूर जसाच्या तसा जुळवतं), आणि इन अ‍ॅरे या यादीत शोधणाऱ्या फंक्शनला तिसरा आर्ग्युमेंट ट्रू, हे आता रिव्ह्यूत मी सगळ्यात आधी बघतो.

फंक्शन बदलायचा विचार नाही. कोड, टोकन, लॉगिनची आयडी, इथे ते अजूनही रेजेक्सपेक्षा वाचायला सोपं आणि चुकायला अवघड. सध्या पिडतोय तो कॉपी-पेस्ट. मेलमधून उचललेल्या कोडच्या टोकाला नॉन-ब्रेकिंग स्पेस (साध्या स्पेससारखीच दिसणारी, पण वेगळी) येते, टोकाच्या स्पेस कापणारं साधं ट्रिम तिला हात लावत नाही, आणि ग्राहक सांगतो, 'कोड तर बरोबरच टाकलाय.' बरोबरच टाकलेला असतो. ती स्पेस कापायची ओळ या आठवड्यात जाईल.