रात्रपाळीला कोण असतं, एवढंच विचारायचं राहिलं

आईचा खुबा मोडला २०२३ च्या ऑगस्टमध्ये, बाथरूमच्या दारात. ऑपरेशन डोंबिवलीतच झालं आणि नीट झालं. पण स्मृतिभ्रंश आधीपासून होता, तो त्यानंतर एकदम वाढला. रात्री अडीचला उठून ‘भाजीवाला खाली थांबलाय, पाकीट दे’ म्हणून हाका मारायची. घरी सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या तीन बायका दोन महिन्यांत सोडून गेल्या. मी बँकेत, नवऱ्याची नोकरी फिरतीची, भाऊ न्यू जर्सीत. दिवाळी झाली आणि आम्ही आईला पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. आणि खरं सांगायचं तर नाव कळून फारसा उपयोगही नाही, अशी ठिकाणं एक नाही.

जागा बघायला गेलो तेव्हा मीच भुलले. बंगला, पुढे तुळस, स्वच्छ फरशी, फिनेलचा वास. चालवणाऱ्या मॅडम मराठी शाळेतल्या बाईंसारख्या, बोलताना हातावर हात ठेवणाऱ्या. ‘ताई, तुम्ही आता फक्त मुलगी व्हा, नर्स आम्ही होतो,’ असं म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करते. चोवीस तास नर्स, डॉक्टरांची रोज फेरी, दर दोन तासांनी कूस बदलणार. महिना बत्तीस हजार, औषधं आणि डायपर वेगळे, दोन लाख डिपॉझिट, ‘पूर्ण परत’.

ऑफिसच्या भिंतीवर चार फ्रेम होत्या. दिवसभर लोकांचे केवायसी तपासणारी मी, पण त्या फ्रेमकडे देवाच्या तसबिरीकडे बघावं तशी बघून पुढे गेले. नंतर फोटो मोठे करून वाचले. पहिली शॉप अ‍ॅक्टची. दहापेक्षा कमी कामगार असले तर २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा नोंदणी करावी लागतच नव्हती, ऑनलाइन माहिती कळवली की पोचपावती निघायची. तीच पावती सोनेरी फ्रेममध्ये. दुसरं लघुउद्योगांचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे आपणच आपल्याबद्दल भरलेला फॉर्म. तिसरं आयएसओ ९००१. ते काम करायच्या पद्धतीचं असतं, पंचवीस म्हाताऱ्यांमागे किती हात आहेत ते त्यात कुठेही नाही. चौथं धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्ट नोंदणीचं, १९५० च्या कायद्याखालचं. ते खरं होतं. पण ट्रस्टचं नाव एक, करारावर नाव दुसरं, आणि मी दरमहा पैसे गुगल पे करत होते ते मॅडमच्या मुलाच्या खात्यात. माझ्या काउंटरवर कोणी असे कागद आणले असते तर मी फॉर्म परत केला असता.

भेटायची वेळ रविवारी चार ते सहा. ‘अधेमधे आलात तर पेशंट बिथरतात.’ पटलं. बुधवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल. आई खुर्चीत बसलेली, वेणी घातलेली, गालाला पावडर. भाऊ तिकडून खूश. मी रविवारी जायचे तेव्हाही तशीच. फक्त एक गोष्ट ती दर वेळी म्हणायची. दोन्ही हात पुढे करून, ‘बांगड्या सैल कर गं, रुततात.’

आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. ऑपरेशनच्या वेळी काढल्या होत्या, त्या माझ्या कपाटात आहेत. मला वाटलं, जुनं काहीतरी आठवतंय. मी खोटं खोटं मनगटावर बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, ‘केल्या बघ सैल.’ ती ‘बरं वाटलं’ म्हणायची. असं चार महिने.

मार्चमध्ये पुण्यात भाच्याचं लग्न होतं. सीमांतपूजन आटोपलं, रात्रीचे साडेदहा वाजले होते. मामींनी आईसाठी डब्यात जिलबी दिली होती. रिक्षा केली आणि न कळवता गेले. मनात संशय वगैरे काही नव्हता, उद्या वेळ मिळणार नाही एवढंच डोक्यात.

ग्रिलला कुलूप. बाहेरून. आत एक झिरो बल्ब आणि कोणीतरी एकसारखं ‘अगं ए, अगं ए’ म्हणतंय. बेल वाजवली, फोन केले, मॅडमचा बंद. पंधरा मिनिटांनी बाजूच्या जिन्यावरून एक मुलगी खाली आली, कडेवर झोपलेलं पोर, हातात किल्ली. ती गच्चीवरच्या खोलीत नवऱ्याबरोबर राहायची. रात्रपाळीची ‘नर्स’ ती. दहावी नापास, ब्यूरोतून आलेली, सगळे तिला मावशी म्हणायचे, वय असेल वीस-बावीस. मी विचारलं, कुलूप बाहेरून का? ‘आजोबा लोक निघून जातात ना ताई.’ आणि आत काही पेटलं तर? ती माझ्याकडे बघत राहिली. असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसावा. दारातच आग विझवायचा लाल सिलेंडर लटकत होता. त्याच्यावरच्या चिठ्ठीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

खाली बावीस माणसं. मी कॉट मोजल्या.

आई उताणी पडलेली. दोन्ही मनगटं गॉजपट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेली. मी गाठ सोडायला लागले तर तिने डोळे उघडले, मला ओळखलं नाही, पण म्हणाली, ‘सैल कर गं.’

तिथे कॉटच्या पायाशी एक तक्ता अडकवलेला होता, कूस बदलल्याचा. दर दोन तासांचा रकाना, पुढे सही. रात्री अकरा वाजता मी तो बघत होते आणि त्यात पहाटे सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने. बँकेत आम्ही याला काय म्हणतो ते सांगायला नको. फोटो काढले, तक्त्याचे, गाठींचे, कुलपाचे. ते सुचलं हे नशीब, कारण पुढे तेवढेच कामाला आले.

मग डायपर सोडला. माकडहाडावर ड्रेसिंग होतं, कडेने पिवळं झालेलं. सकाळी हॉस्पिटलला नेलं तर डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या श्रेणीची जखम आहे, कातडीच्या खाली चरबीपर्यंत गेलेली. टाचाही काळ्यानिळ्या. ‘आधी लाल चट्टा दिसतो, तेव्हाच कोणीतरी बघायला हवं होतं.’ मी दर रविवारी दोन तास तिच्याजवळ बसत होते. तिला खुर्चीतून उठवून बघायचं मला सुचलं नाही. पावडर लावलेल्या गालावरून हात फिरवून परत यायचे.

डिपॉझिटची कथा थोडक्यात सांगते. तीन महिन्यांची नोटीस दिली नाही म्हणून शहाण्णव हजार कापले. ‘नर्सिंग चार्ज’, ‘विशेष देखभाल’, आणि गादी खराब केली म्हणून चौदा हजार. ती एअर बेडची गादी मी स्वतः डोंबिवलीहून टेम्पोतून पाठवली होती, बिल माझ्या नावावर आहे! बिलात महिन्याला नव्वद डायपर लावलेले, वर मी नेऊन दिलेली पाकिटं वेगळीच. हातात ठेवले एकवीस हजार आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागितली. सही केली नाही, म्हणून तेही दिले नाहीत. असा कागद कोणी पुढे केला तर करू नका.

तक्रारीसाठी फिरले तेव्हा कळलं की आपण किती मोकळ्या माळावर उभे आहोत. एका कार्यालयात म्हणाले, हे हॉस्पिटल नाही, आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, आमचं अनुदान नाही, आम्ही काय तपासणार. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा आहे, पण त्याचा जोर मुलांनी पोटगी द्यावी यावर आणि सरकारने दीडशे निराधारांसाठी जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम काढावा यावर. खासगी केअर सेंटरची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. घर विकणाऱ्या बिल्डरसाठी महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांचे नियम काढले, त्यात दाराची रुंदी, आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरश्या सगळं आलं. बंगला भाड्याने घेऊन बावीस कॉट टाकणाऱ्याला त्याचं काय?

एका वकीलबाईंनी मात्र एक धागा दाखवला आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. महाराष्ट्रातला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्यातली नर्सिंग होमची व्याख्या फक्त ऑपरेशन थिएटरवाल्यांपुरती नाही. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा, असा तिचा अर्थ. म्हणजे जिथे नळीने जेवण भरवतात, कॅथेटर सांभाळतात, जखमेचं ड्रेसिंग करतात आणि त्याचे ‘नर्सिंग चार्ज’ लावतात, ते ‘आम्ही फक्त घरगुती आश्रम’ असं कसं म्हणणार? माझ्या बिलावरचा तो शब्दच आता आमचा मुख्य पुरावा आहे. तर तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा सोनेरी फ्रेम सोडा, सी फॉर्म मागा, म्हणजे या कायद्याखालचं प्रमाणपत्र, आणि त्यावरची मुदत वाचा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले तर उठा. नर्स म्हणून जिची ओळख करून देतील तिचा महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, खरी नर्स असेल तर तिला राग येणार नाही. आगीच्या बाबतीत मालकाला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे बी फॉर्म, द्यावा लागतो. तो दाखवा म्हणा, चेहरे बघण्यासारखे होतात.

पण हे सगळं दिवसा विचारायचे प्रश्न. मी आता मैत्रिणींना सांगते, दिवसा जाऊच नका. रात्री अकराला जा, किंवा पहाटे पाचला, आणि करारावर सही करायच्या आधी जा. तेव्हा आत घेत नसतील तर तेच उत्तर. रात्री जागं कोण आहे, ते कुठल्या मजल्यावर आहे, किल्ली कोणाजवळ आहे. एका बाईला एका रात्रीत बावीस जणांची कूस दर दोन तासांनी बदलणं शक्य आहे का, हा हिशोब मी कागदावर एकदा तरी करायला हवा होता. तिसरीच्या मुलाला जमेल असा हिशोब.

भेटायला गेलात की पांघरूण बाजूला करा. लाज वाटते, आपल्याच आईवडिलांचं अंग बघायचं म्हणजे. तरी टाचा आणि माकडहाड बघाच. आणि स्मृतिभ्रंश झालेलं माणूस एकच गोष्ट चार वेळा सांगत असेल तर ती भ्रमात काढू नका.

ग्राहक आयोगाची तक्रार मी ठाण्यातच केली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. तारखा पडतायत. त्यांचं म्हणणं आलंय की पेशंटला सुरक्षेसाठी ‘सौम्य आधार’ दिला होता. सौम्य आधार! ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर, १४५६७ वर, फोन केला तेव्हा मात्र पलीकडच्या मुलाने अर्धा तास शांतपणे ऐकून घेतलं आणि कुठे कसा अर्ज द्यायचा ते सांगितलं.

आई घरी आहे. जखम भरायला साडेपाच महिने लागले. दिवसाची एक आणि रात्रीची एक, अशा दोन बायका ठेवल्यात. पगार धरून खर्च केअर सेंटरपेक्षा जास्त येतो आणि भाऊ कुरकुर न करता पाठवतो.

त्या मुलीचा, गच्चीवरच्या मावशीचा, मध्ये फोन आला होता. तिने नोकरी सोडली नाही, दुसरं कुठे खोलीसकट काम मिळत नाही म्हणाली. आजी कशा आहेत विचारत होती. मी रागावू शकले नाही, तिलाही कोणी बावीस जणांचं सांगून आणलं नव्हतं. ठेवता ठेवता म्हणाली, ‘ताई, तुमच्या आजींच्या कॉटवर आता दुसऱ्या आजी आल्यात. त्यांची पण मुलगी येते, दर रविवारी, चार वाजता.’